क्रूस आसूल : कामगारांचा फूटबॉल-संघ

एखाद्या खेळाच्या संघाचें नांव भाषेंत क्रियापद होऊन बसावें, हें भाग्य फारच थोड्यांच्या वांट्यास येतें. आणि ज्याच्या वांट्यास तें येतें त्यास तें भाग्य वाटेलच असें नाहीं. मेक्सिको देशांत बोलल्या जाणाऱ्या स्पॅनिश भाषेंत असें एक क्रियापद रूढ झालें आहे. ‘क्रुसासुलेआर’ हें तें क्रियापद होय. हातांत आलेला विजय शेवटच्या क्षणीं आपल्याच हातानें घालवून बसणें, हा त्याचा अर्थ. मैदानावर तर लोक तें वापरतातच. पण व्यवहारांत कोणाचा जमत आलेला बेत आयत्या वेळीं फिसकटला, तर त्याच्याहि माथीं हाच शब्द थट्टेनें मारला जातो. ज्या संघाच्या नांवावरून हा शब्द निघाला त्याचें नांव क्रूस आसूल, म्हणजे निळा क्रूस. नवल असें कीं, या संघाच्या मुळाशीं जी कथा आहे, ती नेमकी याच्या उलट आहे. हातचें गेलें असें सर्वांनीं ठरविलें असतांना तें परत मिळविणाऱ्या माणसांची ती कथा आहे.

मेक्सिको शहराच्या वायव्येस पन्नासएक मैलांवर, इदाल्गो नांवाच्या राज्यांत, तूला हें प्राचीन स्थळ आहे. हजार वर्षांपूर्वीं तोल्तेक लोकांची राजधानी येथें होती. त्यांनीं घडविलेले साडेचार मीटरांहून उंच असे दगडी योद्धे तेथील एका भग्न मंदिराच्या चौथऱ्यावर आजहि उभे आहेत. या भागांत चुनखडीचा दगड विपुल. १८८१ सालीं हेन्री गिबन नांवाच्या एका इंग्रजानें तूलाजवळच्या हास्सो येथील जहागिरीच्या जमिनीवर पाण्यांतहि घट्ट होणारा चुना तयार करण्याचा उद्योग आरंभिला. त्यांतूनच पुढें सिमेंटचा कारखाना उभा राहिला आणि ‘निळा क्रूस’ ही त्या कारखान्याच्या मालाची ओळख ठरली.

इदाल्गो राज्याला फूटबॉल हा खेळ नवा नव्हता. त्याच राज्यांतील पाचूका येथील चांदीच्या खाणींत इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यांतून लोक कामास आले होते, आणि त्यांनीं आपल्या हत्यारांबरोबर आपला खेळहि तेथें नेला होता. हास्सोच्या कारखान्यांतील कामगारांनीं २२ मे १९२७ रोजीं आपला संघ स्थापन केला. त्यावेळीं त्यांत धंदेवाईकपणाचा लवलेश नव्हता. आठवडाभर भट्टीच्या धगींत आणि सिमेंटच्या धुळींत राबणाऱ्या माणसांची ती विश्रांति होती. कारखाना दुसऱ्याच्या मालकीचा, जमीन दुसऱ्याच्या मालकीची. आपलें म्हणण्यासारखें जें थोडें होतें, त्यांत हा एक संघ.

चारच वर्षांनीं, १९३१ सालीं, या माणसांवर खरें संकट कोसळलें. जगभर मंदीचा काळ होता आणि सिमेंटला मागणी उरली नव्हती. अशा वेळीं ‘ला तोल्तेका’ या प्रतिस्पर्धी कंपनीनें हास्सोचा कारखाना आपल्या ताब्यांत घेतला. तो चालवावा असा तिचा हेतु नव्हता; तो बंद करावा व बाजारांतील एक प्रतिस्पर्धी कमी करावा, असा होता. ज्या तोल्तेकांचे दगडी योद्धे त्या गांवाशेजारीं पहारा करीत उभे होते, त्यांचेंच नांव धारण करणाऱ्या कंपनीकडून त्या गांवाच्या पोटावर पाय यावा, हा दैवाचा विचित्र खेळ म्हणावयाचा.

गांवांत दुसरा उद्योग नव्हता. कारखाना बंद पडला तर प्रत्येक घराची चूल विझणार, हें उघड होतें. कामगारांनीं मात्र निमूटपणें गांव सोडलें नाहीं. मेक्सिकोंत तेव्हां राज्यक्रांतीला फार दिवस लोटले नव्हते. १९१७ च्या राज्यघटनेनें आठ तासांचा दिवस आणि संपाचा हक्क कामगारांस दिलेला होता, आणि त्या घटनेचा आधार घेतां येतो हें हास्सोच्या लोकांस ठाऊक होतें. त्यांनीं सरकारकडे दाद मागितली. १९३२ सालीं इदाल्गो राज्याच्या शासनानें त्यांची बाजू घेतली, आणि कारखाना कामगारांच्या हातीं आला. तो फुकट मिळाला नाहीं. त्याची किंमत त्यांना हप्त्याहप्त्यानें फेडावयाची होती. १९३४ सालीं त्यांची सहकारी संस्था रीतसर स्थापन झाली. तिचे मूळ सभासद १९२. काल जे मजूर होते ते आज मालक झाले. परंतु मालक झाले म्हणून त्यांची मजुरी सुटली नाहीं. त्याच भट्ट्या, तीच धूळ, मात्र नफा आणि नुकसान दोन्ही आतां त्यांचींच.

या घटनेमुळें खेळाच्या संघालाहि निराळा अर्थ आला. मेक्सिकोंतील इतर नामांकित क्लबांकडे पाहिलें असतां हा फरक ध्यानांत येतो. ग्वादालाहारा या क्लबाचा अभिमान असा कीं, आपल्या संघांत केवळ मेक्सिकन खेळाडूच खेळतात. पूमास हा राष्ट्रीय विद्यापीठाचा संघ. नेकाक्सा हा एका वीजकंपनीच्या छायेंत वाढला. आमेरिका हा राजधानींतील धनाढ्य क्लब १९५९ सालीं दूरचित्रवाणीच्या धंद्यांतील एका बड्या घराण्याच्या हातीं गेला, आणि त्याच घराण्यानें त्याच्यासाठीं आस्तेका नांवाचें प्रचंड क्रीडागार बांधविलें. क्रूस आसूलच्या मागें असें घराणें नव्हतें. सिमेंटच्या पोत्यांतून जी शिल्लक पडेल तिच्यावर हा संघ पोसला जाई, आणि त्या शिल्लकेवर हक्क होता तो तीं पोतीं भरणाऱ्यांचा.

१९४२ सालीं या संस्थेनें वाहाका राज्यांतील लागूनास येथील कारखानाहि आपल्याकडे घेतला. १९५३ पासून गिय्येर्मो आल्वारेस मासियास या गृहस्थाकडे तिचें नेतृत्व आलें. त्यांच्या कारकीर्दींत हास्सोला घरें झालीं, शाळा झाली, दवाखाना झाला. पुढें त्या वस्तीला ‘क्रूस आसूल सहकारी नगर’ असेंच नांव पडलें. सुधारणेच्या या कार्यक्रमांत फूटबॉललाहि त्यांनीं मानाचें स्थान दिलें. हौशी संघाचा धंदेवाईक संघ झाला, आणि होर्हे मारिक या हंगेरियन प्रशिक्षकाच्या हाताखालीं १९६४ सालीं दुसऱ्या श्रेणीचें अजिंक्यपद मिळवून तो पहिल्या श्रेणींत दाखल झाला.

राजधानीच्या वृत्तपत्रांना हें कौतुकाचें वाटलें असेल, पण हें कौतुक चारच वर्षांत धाकांत बदललें. राऊल कार्देनास या प्रशिक्षकानें संघाला अशी शिस्त लावली कीं, १९६८-६९ च्या हंगामांत साखळी स्पर्धा, मेक्सिकोचा चषक आणि उत्तर व मध्य अमेरिकेंतील क्लबांची स्पर्धा, या तिन्ही गोष्टी एकदम क्रूस आसूलच्या पदरांत पडल्या. एका सिमेंटच्या गांवानें देशांतील सर्व मोठ्या शहरांना मागें टाकलें. ‘ला माकिना’, म्हणजे यंत्र, हें लोकांनीं दिलेलें नांव या संघाला पुढें कायमचें चिकटलें. एकट्यादुकट्याच्या चमकेपेक्षां सर्वांनीं मिळून रेटलेल्या कामावर ज्याची भिस्त, त्या संघाला याहून समर्पक नांव कोणतें शोभणार?

१९७१ सालीं एक मोठा निर्णय झाला. संघ हास्सो सोडून राजधानींत खेळावयास गेला. गांवचें मैदान अपुरें होतें, प्रेक्षकांचें उत्पन्न राजधानींत होतें, आणि लाखाच्या घरांत माणूस सामावून घेणारें आस्तेका क्रीडागार तेथें तयार होतें. व्यवहाराच्या दृष्टीनें हा निर्णय चुकीचा होता असें कोणी म्हणणार नाहीं. पण त्यायोगें दोन गोष्टी घडल्या. ज्यांच्या घामावर संघ उभा होता ते लोक त्याच्यापासून पन्नास मैल दूर राहिले. आणि आमेरिकेच्या घरांत क्रूस आसूल भाडेकरू झाला.

भाडेकरूनें पहिल्याच वर्षीं घरधन्याला आपलें पाणी दाखविलें. ९ जुलै १९७२ रोजीं आस्तेकावर अंतिम सामन्यांत क्रूस आसूलनें आमेरिकेचा ४ विरुद्ध १ असा पराभव केला. राजधानींतील या दोन संघांचें वैर त्या दिवसापासून पक्कें झालें. १९७३ आणि १९७४ सालींहि अजिंक्यपद क्रूस आसूलकडेच राहिलें. अर्जेंटिनांतून १९७१ सालीं आलेला गोलरक्षक मिगेल मारीन हा या काळचा नायक. चिलीचा आल्बेर्तो किंतानो त्याच्यापुढें बचावफळीवर भिंतीसारखा उभा असे. मारीनला लोक ‘सुपरमॅन’ म्हणत. याच मारीननें एकदा आत्लांते या संघाविरुद्ध खेळतांना चेंडू सोबत्याकडे टाकण्यासाठीं हात मागें घेतला आणि तो निसटून आपल्याच गोलांत गेला! त्या वेळीं लोक हंसले आणि विसरले. कारण जिंकणाऱ्याच्या चुका कोणी मोजीत नाहीं. १९७९ व १९८० सालीं इग्नासियो त्रेय्येस या अनुभवी प्रशिक्षकाच्या हाताखालीं आणखी दोन अजिंक्यपदें आलीं. १९६९ पासून १९८० पर्यंत एकूण सात. त्यानंतर हृदयविकारानें मारीनला मैदान सोडावें लागलें, आणि त्याच्याबरोबर जणुं संघाचें दैवहि निघून गेलें.

१९८१, १९८७, १९८९ आणि १९९५, या चार वर्षीं संघ अंतिम फेरीस पोंचला आणि चारहि वेळां हरला. १९९६ सालीं त्यानें आस्तेका सोडून राजधानींतीलच दुसरें एक क्रीडागार भाड्यानें घेतलें. पुढच्या वर्षीं, ७ डिसेंबर १९९७ रोजीं, लेओन शहरांतील अंतिम सामना बरोबरीच्या कांट्यावर येऊन जादा वेळांत गेला. जादा वेळांत जो पहिला गोल करील तो विजयी, असा त्या काळचा नियम. लेओनच्या गोलरक्षकाची लाथ क्रूस आसूलच्या कार्लोस एर्मोसिय्यो याच्या तोंडावर बसली आणि पेनल्टी मिळाली. एर्मोसिय्योचा चेहरा रक्तानें माखला होता. त्याच स्थितींत तो चेंडूपाशीं उभा राहिला, त्यानें तो जाळ्यांत घातला, आणि सतरा वर्षांनीं संघ पुन्हां अजिंक्य झाला. त्या संघाचा कप्तान होता पेरू देशाचा हुआन रेनोसो.

यानंतरचा काळ म्हणजे ज्याच्यामुळें तें क्रियापद जन्मास आलें तो काळ. १९९९ सालीं अंतिम फेरींत इदाल्गो राज्यांतील पाचूकाच जादा वेळांतल्या गोलानें भारी ठरला. २००१ सालीं दक्षिण अमेरिकेच्या लिबेर्तादोरेस चषकाच्या अंतिम फेरीस पोंचण्याचा मान मेक्सिकन क्लबांत प्रथम क्रूस आसूलला मिळाला. पहिला सामना ब्वेनोस आइरेसच्या बोका ज्युनिअर्सनें एका गोलानें जिंकला, तर दुसरा बोकाच्या घरच्या मैदानावर क्रूस आसूलनें तितक्याच फरकानें जिंकला. पण पेनल्टींत चषक निसटला. २००८ सालीं दोनदां आणि २००९ सालीं एकदां देशांतील अंतिम फेरींत पराभव झाला.

तथापि २६ मे १९१३ नव्हे, २०१३ ची ती रात्र या सर्वांवर ताण करणारी होती; इतकी कीं, तिची गोष्ट एखाद्या जुन्या दंतकथेसारखी सांगितली जाते. आस्तेकावर आमेरिकेशीं अंतिम फेरीचा दुसरा सामना. आमेरिकेचा एक गडी आरंभींच बाहेर काढला गेलेला. दोन्ही सामने मिळून क्रूस आसूल दोन गोलांनीं पुढें, आणि उरलीं होतीं केवळ दोन-तीन मिनिटें. तेवढ्यांत आमेरिकेचा एक गोल झाला. मग अगदीं शेवटच्या क्षणीं आमेरिकेचा गोलरक्षक मोइसेस मुन्योस आपली जागा सोडून पुढें धांवला, त्यानें चेंडूला डोकें लावलें आणि बरोबरी झाली. पेनल्टींत आमेरिकेनें बाजी मारली. २०१८ च्या डिसेंबरांत त्याच मैदानावर, त्याच संघाकडून, पुन्हां अंतिम पराभव. ६ डिसेंबर २०२० रोजीं तर कळस झाला. उपांत्य फेरीचा पहिला सामना क्रूस आसूलनें पूमासविरुद्ध ४-० असा जिंकलेला. दुसरा त्यानें ०-४ असा घालविला, आणि साखळींत वरचें स्थान असल्यामुळें पूमास पुढें गेला.

त्याच वर्षीं मैदानाबाहेरहि आग लागलेली होती. जुलै २०२० मध्यें सहकारी संस्थेच्या तत्कालीन प्रमुखाविरुद्ध, संस्थेच्या पैशाच्या गैरव्यवहारासंबंधीं झालेल्या आरोपांवरून, अटकेचें फर्मान निघालें व त्यास पद सोडावें लागलें. आरोप खरे कीं खोटे हें ठरविणें न्यायालयाचें काम. परंतु कारखाना कोणाचा, संस्था कोणाची, आणि म्हणून संघ कोणाचा, हे प्रश्न सभासदांमध्यें त्यापूर्वींच धुमसत होते. ते आतां उघड्यावर आले.

अशा पडत्या काळांत, २०२१ च्या आरंभीं, प्रशिक्षक म्हणून आला तो १९९७ चा कप्तान हुआन रेनोसो. पहिले दोन सामने संघ हरला. ‘पुन्हां तेंच’ असें लोक म्हणूं लागले. त्यापुढचे बारा सामने संघानें ओळीनें जिंकले! रेनोसोनें चमत्काराचा आव आणला नाहीं. आधीं गोल होऊं द्यावयाचा नाहीं, मग करण्याचें पाहावयाचें, असा त्याचा गवंड्याचा हिशेब होता. अंतिम फेरींत गांठ पडली सांतोस लागुना संघाशीं. पहिला सामना तोर्रेओन येथें लुईस रोमोच्या एकमेव गोलानें जिंकला. ३० मे रोजीं आस्तेकावर साथीच्या निर्बंधांमुळें थोडेच प्रेक्षक होते. सांतोसनें पहिला गोल करतांच त्या थोड्यांच्याहि काळजांत धस्स झालें असेल. पण उत्तरार्धांत होनातान रोद्रिगेसनें बरोबरी साधली, आणि या वेळीं शेवटचीं मिनिटें वैरी झालीं नाहींत. साडेतेवीस वर्षांनीं नववें अजिंक्यपद आलें.

गोष्ट येथेंच संपविली तर ती गोड होईल, पण खरी होणार नाहीं. अकराच महिन्यांनीं, एप्रिल २०२२ मध्यें, हास्सोच्या त्या मूळ कारखान्याच्या ताब्यावरून हाणामारी झाली आणि तींत माणसें प्राणास मुकलीं. ज्या भूमीवर १९२ मजुरांनीं एकजुटीनें कारखाना वांचविला, तिच्यावरच त्यांच्या वारसदारांच्या नांवानें रक्त सांडावें, याहून मोठा पराभव मैदानावर कोणता होणार? शेवटच्या मिनिटाला झालेला गोल पुढल्या हंगामांत भरून काढतां येतो. याला पुढला हंगाम नसतो.

संघ मात्र खेळत राहिला. १ जून २०२५ रोजीं कॅनडाच्या व्हँकूव्हर संघाला ५-० असें हरवून त्यानें उत्तर व मध्य अमेरिकेच्या क्लबांचें अजिंक्यपद सातव्यांदां मिळविलें, आणि आमेरिकेच्या विक्रमाशीं बरोबरी केली. पण राजधानींत गेल्यापासूनच्या पन्नासांहून अधिक वर्षांत या संघानें तेथें स्वतःच्या मालकीचें मैदान बांधलें नाहीं. देशाच्या इमारती ज्याच्या सिमेंटनें बांधल्या गेल्या, त्याचें स्वतःचें घर भाड्याचें!

यांत केवळ विनोद नाहीं. मालकी ही एकदां मिळविली कीं कायमची झाली, असें मनुष्याला वाटतें. हास्सोच्या कामगारांनीं ती बलाढ्य कंपनीच्या हातून सोडवून घेतली. परंतु बाहेरच्या शत्रूपासून मिळविलेली वस्तु घरांतल्या भांडणांत गमावतां येते, हें त्यांच्या नातवांना पाहावें लागलें. संघाच्या पाठीराख्यांनीं या बाबतींत अधिक शहाणपण दाखविलें. ज्या काळांत संघाच्या नांवाचें लोकांनीं हंसें केलें, त्या साडेतेवीस वर्षांत ते निळा सदरा घालून मैदानावर येतच राहिले. त्यांच्या हातीं ना कारखाना होता, ना संस्थेचा भाग. तरीहि संघ आपला आहे हें त्यांनीं कधीं सोडलें नाहीं. १९३१ सालीं बंद पडूं घातलेल्या कारखान्याच्या दारांत जे उभे राहिले, त्यांच्याजवळ तरी त्या दिवशीं याहून अधिक काय होतें?